मामाच्या पोटातल्या दोन धमन्या

माझ्या मामाइतका माणसाच्या आतल्या अंगावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या झाशीत दुसरा नव्हता. मेडिकल कॉलेजात तो शरीररचना शिकवायचा, पण खरं सांगायचं तर मूत्रपिंडच शिकवायचा. हृदय, मेंदू, फुफ्फुसं ही सगळी त्याच्या लेखी वऱ्हाडी मंडळी, नवरदेव एकच. शेजाऱ्यांची नावं त्याच्या जन्मात लक्षात राहिली नाहीत, पण उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली का बसतं, हे तो लग्नाच्या पंगतीत समोरच्याच्या पानातल्या भाताच्या मुदी सरकवून समजावून द्यायचा. उजवीकडे वर यकृताचं मोठं बिऱ्हाड, तेव्हा धाकट्याने खाली सरकायचं, एवढं साधं ते, असं त्याचं म्हणणं. तोवर वरण गार व्हायचं. एकदा गणपतीत हट्टाने बायकांच्या रांगोळी स्पर्धेत शिरला आणि मूत्रपिंड काढून मोकळा झाला: पुढे निळी शीर, तिच्या मागे लाल धमनी, सगळ्यात मागे पिवळी मूत्रनलिका. बायकांनी ‘कोयरी किती सुबक’ म्हणून तोंडभरून कौतुक केलं आणि परीक्षकबाईंनी कोयरीचा देठ बिघडलाय म्हणून गुण कापले. मामा दिवाळीपर्यंत धुसफुसत होता.

त्याचं दुसरं वेड पाण्याचं. लक्ष्मी गेटजवळच्या त्याच्या घरात पाऊल टाकलं की ख्यालीखुशालीच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा, आणि तो रिकामा झाल्याखेरीज बसायला मिळायचं नाही. झाशीचा उन्हाळा मुळातच माणसाला पापडासारखा वाळवतो, त्यामुळे त्याला कोणी वेडा म्हणत नसे. फक्त माझे वडील वैतागायचे. ते रेल्वेत गार्ड. ड्यूटी संपवून मेहुण्याकडे डोकावले की पोट डुचमळत घरी यायचे आणि आईला म्हणायचे, तुझा भाऊ मला इंजिन समजतो.

आणि मग आईचीच मूत्रपिंडं निकामी झाली. भर उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिचं पाणी घोटावर आणलं. साऱ्या गावाला पाणी पाजणारा मामा रोज आमच्या क्वार्टरवर यायचा, घामाने निथळत, आणि तिच्यासमोर पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. बाहेर नळावर पिऊन आलोय म्हणायचा. ओठ पाहिले की खोटं कळायचं.

दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवल्याशिवाय गत्यंतर नाही असं ठरलं, तेव्हा घरात कोणी तोंड उघडायच्या आत मामाने वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. रक्त जुळलं. बाकीच्या तपासण्यांसाठी तो लखनौला गेला आणि परतला तो स्टेशनावरून जवळजवळ पळतच. हातात पोटाच्या तपासणीची फिल्म, एक्स-रेसारखी. ऑपरेशन नक्की झालं असं आम्हाला वाटलं. तर हा गृहस्थ दारातूनच सांगतो, “डावीकडे दोन आहेत! दोन धमन्या!” बहुतेकांना एक असते, काहींना दोन, हे जन्मभर शिकवलं आणि नमुना आपल्याच पोटात निघाला, याचा आनंद त्याला मावेना. इलाइट चौराह्यावर रिक्षा थांबवून त्याने ट्रॅफिकच्या शिपायाला उन्हात फिल्म दाखवली होती म्हणे. दूधवाल्याने तर विचारलं, “मास्साब, दो लाइन हैं तो पानी खूब आता होगा?” पाणी नाही, भैया, रक्त येतं, म्हणून मामाने त्यालाही बसवून घेतलं.

घरात मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. डावंच मूत्रपिंड काढायचं होतं, आणि दोन धमन्या म्हणजे जोडकाम दुप्पट अवघड, सर्जन नाहीसुद्धा म्हणतील. आई पडल्या पडल्या म्हणाली, “दादा, माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू पेढे काय वाटतोस?”

मामाने उठून स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला, दोन बारीक नळ्या वळल्या आणि त्यांची तोंडं शेजारी शेजारी जोडून एक केलं. “हे असं शिवतात. मी सर्जनसमोर ठिय्या देऊन विचारून आलोय, ते करतो म्हणालेत. ठमे, जन्मभर याचाच अभ्यास केला मी. तुझ्यासाठी करतोय, हे मला तरी कुठे माहीत होतं?”

भूल न देता, निदान अर्धवट जागं ठेवून आपल्याला बघू द्यावं, अशी त्याची मागणी होती. डॉक्टरांनी त्याला आधी झोपवलं. शुद्धीवर येताच तो धमन्यांचं विचारणार, याबद्दल आमचं एकमत होतं. त्याने डोळे किलकिले केले आणि नर्सला विचारलं, “उसको पेशाब हुआ?” तिने हसून मान डोलावली. मामा लहान मुलासारखा रडला. पुढे परवानगी मिळाली तेव्हा आईला पहिला पेला त्यानेच भरून दिला आणि ती पिताना तो तिच्या घशाकडे एकटक बघत होता.

मामा गेला त्याला आता काही वर्षं झाली, म्हातारपणानेच, झोपेत. तो गेल्यावर पहिली भाऊबीज आली. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, म्हणून शेजारच्या काकू दिवेलागणीला आईला अंगणात बोलवायला आल्या. आईने ट्रंकेतून ती जुनी फिल्म काढली आणि भिंतीला टेकवून पाटावर उभी केली. “चंद्राला कशाला? माझा भाऊ आहे की,” ती म्हणाली आणि पोटाच्या उजव्या अंगाला, जिथे मामाचं डावं मूत्रपिंड बसवलंय, तिथे हात ठेवला. निरांजन फिल्मसमोर आलं की त्या दोन रेघा उजळायच्या. ओवाळून झाल्यावर तिने तबक खाली ठेवलं, पेला काठोकाठ भरला आणि सगळं पाणी ती सावकाश प्यायली.