दसऱ्याचा ड्रायर

पेट्रोल आणि झेंडू यांचा वास एकत्र आला, की मला मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका आठवतात आणि हसू आवरत नाही. त्या दसऱ्याला नाशिक रोडहून त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी आम्हाला येवल्याला जायचं होतं. सकाळी काकांनी पूजेआधी जुन्या गाडीला आंघोळ घातली आणि भक्तीच्या भरात बॉनेट उघडून इंजिनावरही पाइप धरला. मग हळद-कुंकू, हार, चाकाखाली लिंबू असा सगळा थाट करून चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरत होता, गाडी मात्र सुरू होईना. "बॅटरी गेली!" काकांनी निकाल दिला. बॅटरी गेली असती तर स्टार्टर एवढा फिरला असता का? पण विचार करणं हे काकांचं खातं नव्हतंच, त्यांच्याकडे फक्त जाहीर करणं होतं. त्यांनी लिंबू बदललं. तिकडे व्याही खोळंबले होते, इकडे मुलगी रडायच्या बेतात. शेवटी मावशी पदर खोचून पुढे आली. "मागे सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. अहो, प्लगपाशी तळं केलंय तुम्ही!" मुलीचे केस अर्धे ओले ठेवून तिचा हेअर ड्रायर अंगणात आला. मी पाणी टिपलं, मावशीने ड्रायर फिरवला आणि गाडी एका चावीत सुरू झाली. "बघा, दुसरं लिंबू लागू पडलं," काका म्हणाले. आम्ही वेळेत पोचलो. अजूनही दसऱ्याला मी मुद्दाम त्यांच्याकडे जातो. पूजेत पान्याशेजारी तो ड्रायर मांडलेला असतो, त्याला पहिलं कुंकू मावशी लावते, आणि काका तेवढ्यापुरते लिंबू आणायला बाजारात जातात.