साहेबांनी शत्रू विकत घेतला

आमच्या साहेबांना काहीही दाखवलं की ते आधी त्यातली खोट शोधत. कामगाराच्या मुलीच्या लग्नात जेवायला बसले, तरी ताट उचलून त्याच्या कडेवरून बोट फिरवत आणि शेजारच्याला सांगत, "घासलेली नाही. हात कापेल." भोसरीत त्यांचा गाड्यांचे सायलेन्सर बनवायचा कारखाना होता आणि मी तिथलं ऑफिस सांभाळत असे. गाडीचा आवाज दाबणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज मात्र गेटपर्यंत ऐकू येई.

खोट स्वतःची असली तरी सुटका नव्हती. एकदा वेल्डिंग कच्चं म्हणून गाड्यांच्या कंपनीने आमचा माल परत पाठवला. साहेबांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. एक सायलेन्सर उभा कापून टेबलावर ठेवला आणि प्रत्येकाला तो हातात घ्यायला लावला. "चूक हातात धरता आली पाहिजे," ते म्हणाले. "धरता येत नाही ती सुधारणार कशी?"

विजेच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या तेव्हा आसपासचे कारखानदार हसत. आपल्याकडे घरात वीज टिकत नाही, तिथे ही गाडी काय टिकणार, असा सगळ्यांचा सूर. साहेबांनी मात्र एक दिवस तीच गाडी आणून गेटसमोर लावली. जिला सायलेन्सर लागतच नाही, ती गाडी सायलेन्सरवाल्याने घ्यावी? मी विचारलंच. म्हणाले, "अहो बाई, ज्याच्या हातून मरायचं त्याचं तोंड तरी बघून ठेवू."

शोरूममधल्या पोराने त्यांना सांगितलं होतं, की ही नुसती कार नाही, एक्स्पीरियन्स आहे. "अनुभव आमच्याकडे भरपूर आहे, तुम्ही गाडी द्या," एवढंच त्याला उत्तर मिळालं. कारखान्यात आणल्यावर साहेब स्वतः तिच्याखाली झोपले. बराच वेळ बाहेर येईनात. आले ते कपडे झटकत म्हणाले, "पोट सपाट आहे. माझ्यासाठी एक नळीसुद्धा ठेवलेली नाही."

मग एकेक खोट निघू लागली. बॉनेटची फट एका बाजूला बोट जाईल एवढी, दुसऱ्या बाजूला नखही शिरेना. खड्ड्यातून गेली की डॅशबोर्ड खडखडे, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे ती खडखड लपायचीही नाही. हे सगळं ते इतक्या समाधानाने सांगत, की मलाही त्या गाडीचा राग येण्यात मजा वाटू लागली.

ती मजा वाघोलीत संपली. भर उन्हात चौकात गाडी बंद पडली. खिडक्या उघडेनात, दाराचं बटण चालेना. साहेबांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बसलेल्या, त्यांना दमा. सीटखाली लपवलेली एक दोरी सापडली, ती ओढल्यावर दार उघडलं. तोपर्यंत काकूंचे ओठ निळे पडले होते. त्या दोन दिवस दवाखान्यात होत्या.

सर्व्हिस सेंटरला साहेबांनी मला बरोबर नेलं. मॅनेजरने हसून सांगितलं, सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता काही प्रॉब्लेम येणार नाही.

"काय तुटलं होतं ते दाखवा," साहेब म्हणाले.

"सर, तुटलं काहीच नव्हतं."

"मग माझी बायको आत गुदमरली ती कशाने?"

मॅनेजरने भेट म्हणून साहेबांपुढे कंपनीची कीचेन ठेवली. साहेबांनी ती तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

ही गोष्ट भोसरीत पसरली. कारखानदारांनी सभा घेतली आणि साहेबांना मुद्दाम बोलायला उभं केलं. त्यांनी एकेक खोट सांगितली, वाघोलीही सांगितली. टाळ्या सुरू झाल्या तसा त्यांनी हात वर केला.

"टाळ्या पुरे. ही गाडी नालायकांनी बांधलेली आहे. तरी मी ती विकणार नाही. कारण इतकी वाईट बांधूनही ती माझ्या जुन्या गाडीपेक्षा चांगली पळते. उद्या हे लोक बांधायला शिकतील. तेव्हा आपण काय बनवत असू?"

सभेनंतर त्यांच्याशेजारी चहा घ्यायलाही कुणी थांबलं नाही.

साहेबांनी पुढे विजेच्या गाड्यांसाठी बॅटरीची पेटी बनवून पाहिली. नमुना चांगला झाला होता, पण गाड्या बनवणाऱ्यांना मोठ्या कंपनीचाच माल हवा होता. सायलेन्सरच्या ऑर्डरी आटत गेल्या आणि कारखाना बंद करायचं ठरलं. ते त्यांनी प्रत्येक कामगाराला समोर उभं राहून सांगितलं. म्हेत्रे वेल्डर सगळ्यात जुने. ते गेटबाहेरच्या गाडीकडे बोट करून म्हणाले, "ती तुमीच आणली साहेब. आता आमाला काय सांगताय?"

गेटपर्यंत जाणारा तो आवाज त्या दिवशी फुटलाच नाही.

संध्याकाळी कुलूप लावून झाल्यावर ते मला म्हणाले, "चला, विश्रांतवाडीला सोडतो." मी त्या गाडीकडे पाहिलं. आत बसायला माझा पाय उचलेना. बसने जाते म्हटलं. ते रागावले नाहीत. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, पण गाडी सुरू न करता, मला बस मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला तसेच थांबले.

बस आली ती मला कळलीच नाही. दार उघडल्यावर लक्ष गेलं. तीही विजेचीच होती. पायरीवरून मी वळून पाहिलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. खाली वाकून, डोळे बारीक करून, ते त्या बसचं पोट बघत होते.