निशाणी कपाट

कोणाच्याही घरी गेल्या की बाई आधी झाकण उचलत. पाणी नंतर, बसणं नंतर. गॅसवरचं पातेलं असो, ओट्यावरची भाकरीची टोपली असो, जे झाकलेलं दिसेल ते उचलून आत पाहायचं आणि विचारायचं, "झाकून कायले ठेवता?"

"माश्या बसतात ना बाई," माझी बायको म्हणायची.

"मंग जाळी ठेवाव. दिसलं तं पाह्यजे!"

एका लग्नात तर त्या थेट आचाऱ्याच्या पातेल्यांपाशी गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अवं, वरण दोन हायेत! घट्ट पाहुण्यायले, पातळ आपल्याले!" मुलीचा बाप लाजेनं अर्धा झाला. तेव्हापासून गावातला आचारी मांडवात पहिलं झाकण बाईंसमोर उघडायचा.

अशी झाकणं उचलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमच्या बाईंना आपल्या खोडीला साजेसा एक आख्खा पक्ष सापडला होता.

खुला कारभार पक्ष हे त्याचं नाव. विदर्भातल्या तीन-चार जिल्ह्यांबाहेर तो कोणाला ठाऊक नव्हता, आणि त्या जिल्ह्यांतही फारसा नव्हताच. सरकारी कागद लोकांना पाहता आले पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं. वरवट बकालच्या अलीकडच्या आमच्या लहानशा गावात त्याचे सात सभासद होते. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाई त्यांच्या अध्यक्षा. बैठक बंद दाराआड घ्यायची नाही असा पक्षाचा नियम, म्हणून ती एसटीच्या थांब्यावर व्हायची. जळगाव जामोदच्या गाडीची वाट पाहणारे लोकही मधूनच हात वर करायचे. एकदा एक ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला, तेवढ्यात गाडी आली आणि बहुमत गाडीत बसून निघून गेलं.

पक्षाची पाटी रंगवून आली तेव्हा पेंटरनं 'खुला'च्या जागी 'खुळा' लिहून ठेवलं होतं. खुळा कारभार पक्ष! गाव पोट धरून हसलं. मी म्हणालो, "बाई, वरून पांढरा रंग मारून घ्या."

"तुमच्या रजिस्टरात चूक झाली तं काय करता भाऊ?"

मी ग्रामपंचायतीचा बाबू. उभा जन्म रजिस्टरं लिहिण्यात गेलेला. म्हणालो, "आडवी रेघ मारतो, वर बरोबर शब्द लिहितो, बाजूले सही करतो. खोडून टाकत नाई."

"मंग? पाटीनं काय पाप केलं?"

आणि पाटीवर खरोखर 'खुळा'वर लाल रेघ आली, वर 'खुला' आलं, बाजूला बाईंची वळणदार सही आली. रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून ती वाचत.

ग्रामपंचायतीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात ग्रामसभेची प्रोसिडिंगं, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहून ठेवायची रजिस्टरं. ती कोणाला दाखवायची नाहीत अशी तेव्हाच्या सरपंचांची तंबी होती. बाई मात्र दर सोमवारी यायच्या.

"भाऊ, प्रोसिडिंग पाहू द्या ना मले."

"चाबी सापडून नाई राह्यली, बाई."

"मंग तुमच्या खिशात काय वाजून राह्यलं?"

"ते... घराची हाये."

"सापडली का सांगजा," म्हणून त्या समोरच्या बाकावर बसत आणि भुईमुगाच्या शेंगा सोलत. निम्मे दाणे माझ्या टेबलावर ठेवत. खोटं बोलून झाल्यावर ते दाणे खाणं किती जड जातं, हे अनुभव असल्याशिवाय कळायचं नाही.

सरपंचांची काय भानगड होती ते मला ठाऊक नाही. माझी मला ठाऊक होती. ग्रामसभेला माणसंच येत नसत. मग मी घरी बसून प्रोसिडिंग लिहायचो. ठराव मांडणारा सूचक अमुक, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक तमुक, अशी नावं मतदारयादीतून उचलायचो. एकदा हाताला जुनी यादी लागली. गटारीच्या ठरावावर सह्या-शिक्के झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ज्याला मी अनुमोदक केलं तो माणूस दोन वर्षांपूर्वीच वारला होता. आणि तो माणूस बाईंचा नवरा होता.

आता तुम्हीच सांगा, ते कपाट मी बाईंसमोर कसं उघडणार?

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातून बाई उभ्या राहिल्या. या निवडणुकीत पक्षाचं नाव चालत नाही, उमेदवाराला नुसती निशाणी मिळते. बाईंनी चष्मा मागितला होता. मिळालं कपाट. दोन्ही दारं गच्च बंद असलेलं कपाट! सातही सभासद तोंड पाडून थांब्यावर बसले. बाईंनी मात्र घरी जाऊन लग्नात आलेल्या आपल्या कपाटाची दोन्ही दारं पान्यानं खोलून काढली, ते हातगाडीवर चढवलं आणि प्रचाराला निघाल्या. आत साड्या तशाच, औषधाच्या बाटल्या तशाच, नवऱ्याचा फोटोही तसाच.

"हे माह्यं कपाट," त्या दारोदारी सांगत. "पाहून घ्या. मले निवडून द्या, मंग पंचायतीचं पाहू."

बायका खरंच पाहत. "हे जांभळं कधी घेतलं वो बाई? नेसल्या नाई कधी!" अशी चौकशी होई. एकीनं तर एक साडी मागूनही नेली. इतका आनंदाचा प्रचार आमच्या गावानं पाहिला नव्हता. सभासद भजनाच्या चालीवर घोषणा देत होते आणि हातगाडीमागे निम्मा वॉर्ड चालत होता.

मतदानाच्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहिलो. यंत्रावर कपाटाचं चित्र होतं. ते पाहिलं आणि मला आतलं ते पान आठवलं. बटण दाबलं, यंत्र वाजलं, बाहेर आलो.

दोन दिवसांनी निकाल लागला. बाई एका मतानं पडल्या.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गर्दी. जो येई तो शपथ घेऊन सांगे, "बाई, मी तुमालेच देल्लं!" बाई सगळ्यांना चहा पाजत होत्या आणि हसत होत्या. "इतक्या जनायनं देल्लं असतं तं मी दोनदा निवडून आली असती," त्या मला हळूच म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. सगळे गेल्यावर मी म्हणालो, "बाई, मले एक सांगाचं हाये. त्या दिवशी बटण दाबतानी मी..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मेथीचा वास होता. "नाई भाऊ. ते नका सांगू. एवढं एकच झाकून ठेवाचं असते. ते उघडं पडलं तं लोक भेवानं मत देतीन."

भीतीनं मत कसं देतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं. रडू आलं, ते मात्र झाकता आलं नाही.

सांगता येत नव्हतं, म्हणून जे दाखवता येत होतं ते दाखवायचं ठरवलं. सोमवारी बाई आल्या, तेव्हा मी खिशातून चाबी काढली, कपाट उघडलं आणि ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्या बोट ठेवून वाचत गेल्या. 'अनुमोदक' या शब्दापाशी बोट थांबलं. मी वर पंख्याकडे पाहत राहिलो.

"अवं माय! आमचे हे?" बाई अशा हसायला लागल्या की बाहेरचे लोक आत डोकावले. "अहो भाऊ, जित्ते होते तवा माह्या एका शब्दाले यायनं अनुमोदन नाई देल्लं! आन मेल्यावर तुमच्या गटारीले देल्लं!"

हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग त्या नावावरून बोट फिरवलं, एकदा, आणखी एकदा. "अक्षर छान काढलं तुमी," त्या म्हणाल्या.

"माफ करा बाई. काय करू आता?"

"आडवी रेघ मारा. वर 'मयत' लिहा. बाजूले सही."

मी केली. सही करताना इतका हलका मी कधीच झालो नव्हतो.

सरपंच महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण ही गोष्ट गावभर झाली आणि पुढच्या ग्रामसभेला बसायला जागा उरली नाही. आपल्या घरातलं कोणकोण मेल्यावर हजर राहून गेलं, ते प्रत्येकाला पाहायचं होतं. तेव्हापासून लोक येऊ लागले ते आजतागायत येतात. बाई सदस्य कधीच झाल्या नाहीत, पण दर सोमवारी कपाटापाशी बसून मागेल त्याला प्रोसिडिंग वाचून दाखवत. शेंगा सोलणं चालूच होतं. आता ते दाणे गोड लागत.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. ग्रामसभेत शोकप्रस्ताव आला, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "अनुमोदक कोण?" सगळ्यांचे हात वर गेले. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहून एकेक नाव लिहिलं. चार पानं भरली. सगळे जिवंत होते.

निकालाच्या त्या संध्याकाळी मी बाईंना काय सांगायला गेलो होतो, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण मी ते लिहिणार नाही. एवढं एकच झाकून ठेवायचं असतं.

परवा कार्यालयाला रंग द्यायचा होता, म्हणून नव्या सरपंचबाईंनी इतकी वर्षं उघडंच राहिलेलं कपाट कुलूप लावून बंद करायला सांगितलं. मी ड्रॉवर शोधला, सगळे खिसे उलटे केले, घरी जाऊन बायकोला विचारून आलो.

"चाबी सापडून नाई राह्यली, बाई," मी म्हणालो.

आणि या वेळी ते खरं होतं.