हिराबाई काय म्हणाली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

नाशिकच्या एका संस्थेत मी नोकरीला होते. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर आम्ही सौर दिवे द्यायचो — छपरावर छोटं पॅनल, खाली बॅटरी, दोन बल्ब. लोकांना फुकट. मग पैसा कुठून यायचा? घरात रॉकेलची चिमणी पेटली नाही की तेवढा धूर हवेत जात नाही, आणि हा न झालेला धूर विकता येतो. परदेशातल्या कंपन्या स्वतःच्या धुराच्या बदल्यात तो विकत घेतात. एका दिव्यामागे रक्कम किरकोळ, पण सगळ्या दिव्यांची मिळून एवढी व्हायची की माझा पगारही त्यातूनच निघायचा. अट एकच — दिवे चालू हवेत. ते तपासत राहणं माझं काम होतं. आणि मी कित्येक महिने तिकडे फिरकलेच नव्हते. घरी बसून ‘चालू’ कळवत होते.

मग एक परदेशी पाहुणा दिवे बघायला आला. भला माणूस. त्याला मराठी येत नव्हतं, पाड्यावर इंग्रजी कोणाला येत नव्हतं. मधे मी.

तो हिराबाईच्या ओट्यावर बसला. तिनं कोरा चहा दिला. दिवा कसा चाललाय, त्यानं विचारलं. मी तिला विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “दिवाळीपासून बंद हाय, ताई. बॅटरी गेली. रॉकेल मिळत नाय, मंग चिमणीत डिझेल घालतो. लय धूर होतो. मंगलची दहावी हाय. यांना सांगा, बॅटरी तेवढी पाठवा.”

मी त्याच्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले — दिवा रोज लागतो, मुलगी त्याच उजेडात अभ्यास करते, त्या फार खूश आहेत.

किती सहज बोलले. अडखळलेसुद्धा नाही. कोणी धमकावलं होतं का मला? नाही. सोबत आलेले संस्थेचे साहेब लांब गाडीपाशी फोनवर होते. खरं सांगितलं असतं तर बॅटरी बदलून मिळाली असती — तशी सोय होती. फक्त माझी कामचुकारी उघडी पडली असती.

पाहुण्यानं तिला हात जोडले. आपलं म्हणणं पोचलं, असं तिला वाटलं. तीही हसली.

नवी बॅटरी पाठवली गेलीच नाही. हिराबाईच्या घरचा न झालेला धूर त्या वर्षीही विकला गेला. आणि परीक्षा तोंडावर असताना चिमणी कलंडली, मंगलच्या ओढणीनं पेट घेतला. पोरगी वाचली. उजव्या हाताची बोटं मात्र एकमेकांना चिकटली — तिचा लिहायचा हात.

मी सिव्हिलमध्ये गेले. सफरचंदं घेऊन. हिराबाई वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. मला बघून उठली, माझ्यासाठी पदरानं बाकडं पुसलं. रागावली असती तर — पण नाही. एवढंच विचारलं, “ताई, तुमी त्यांना सांगितलं व्हतं ना?”

“हो,” मी म्हणाले. “सांगितलं होतं.”

“मंग त्यांनीच नाय पाठवली.”

मी होकारार्थी मान हलवली.

आजही ती तेच समजून आहे.