दोन नंबरचा चष्मा

कशेळ्याच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका वाडीवर आम्ही काही मित्रांनी डोळेतपासणीचं शिबिर भरवलं होतं. याद्यांचं काम माझ्याकडे, कारण आमच्यात कंप्युटरची मिजास मलाच. वहीत लिहू म्हणणाऱ्यांना मी हसलो होतो.

माणसांची यादी मी पांडाज नावाच्या, तक्ते हाताळणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीत भरली आणि तपासणीला प्रत्येकाला दिलेल्या चिठ्ठीचे नंबर इंडेक्स, म्हणजे ओळींची ओळख, म्हणून लावले. इंडेक्स क्रमाने लावायला एक ओळ पुरते. ती लिहिली, आणि डॉक्टरांच्या यादीतले चष्म्याचे नंबर शेजारी जसेच्या तसे चिकटवले. वरून खाली नजरसुद्धा फिरवली नाही.

वाटपाच्या दिवशी दोन नंबरच्या चिठ्ठीची म्हातारी चष्मा घालून म्हणाली, "जमीन हालतीय रं." मागे रांग होती, ऊन चढलं होतं. मी खेकसलो, "आजी, दोन दिवसांत सवय होईल. पुढे व्हा." आणखी चारपाच जण कुरकुरले, त्यांनाही तेच ऐकवलं. बाकीचे गप्प राहिले. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही तिथली रीत.

महिन्याने पुढच्या शिबिरासाठी तीच फाइल उघडली आणि या वेळी वरून खाली वाचली. चिठ्ठीचे नंबर मी आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून साठवले होते, आणि ते शब्दकोशासारखे पहिल्या अक्षरावरून लागले होते. त्यामुळे एकाखाली दोन नव्हता. दहा, अकरा, बारा असं एकोणीसपर्यंत जाऊन मग दोन होता. डॉक्टरांची यादी मात्र एक, दोन, तीन अशी सरळ होती. म्हातारीला बारा नंबरवाल्याचा चष्मा गेला होता. जवळजवळ सगळी वाडी दुसऱ्याच्या नंबरातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन सगळ्यांचे चष्मे गोळा केले. म्हातारी दारातच बसली होती. सून म्हणाली, चष्मा लावून जीपमधून उतरताना आजीचा पाय चुकला, तेव्हापासून रानभाजी घेऊन बाजाराला जाणं बंद. चष्मा काढून ठेव म्हटलं तर ऐकत नव्हती. "सवय व्हायाची हाय म्हनं," एवढंच म्हणायची.

मला तोंड वर करवेना. तरीही जिभेवर खोटंच आलं. "आजी, मशीनची चूक झाली," मी म्हणालो. गोळा केलेल्यांतून तिचा खरा चष्मा शोधून मी माझ्या हाताने तिला घातला.

तिने आधी अंगण पाहिलं, मग कोंबड्या, मग स्वतःचे हात. शेवटी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"तूच ना रं तो," ती शांतपणे म्हणाली, "पुढं व्हा म्हननारा?"