नारिंगी आहेर

मी लिहू लागलो तो साठी उलटल्यावर, आणि तेही भीतभीतच. एका दिवाळी अंकात नद्यांच्या पात्रांविषयीचा माझा लेख छापून आला, आणि तेवढ्या भांडवलावर धाकट्या बहिणीच्या यजमानांनी मला कामाला जुंपले. मी त्यांना भाऊजी म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. त्या शब्दात आदर नसतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

लकडगंजात त्यांची लाकडाची वखार आहे. एकुलत्या एका मुलीचे लग्न अंदमानातल्या एका बेटावर करायचे त्यांनी ठरवले होते. पाहुण्यांनी बेटावर काय पाहावे, काय करावे, याची पुस्तिका हवी होती.

“इंग्रजी पुस्तिका ते इव्हेंटवाले करून राहिले,” भाऊजी म्हणाले. “तुमच्या कन्हानवाल्यांसाठी एक मराठीत पाहिजे. तुम्ही लिहिता ना आता? मग लिहा.”

कन्हानवाले म्हणजे कन्हान गावची माझी थोरली बहीण, ताई, आणि तिच्या घरची माणसे, एकूण अकरा. भाऊजींनी तीन दिवसांच्या कार्यक्रमाचा कागद पुढे केला. शेवटच्या दिवशी चार वाजता लग्न होते, कारण तिथे सूर्य आपल्या फार आधी मावळतो. त्याच दिवशी ‘कन्हान ग्रुप’च्या पुढे लिहिले होते: तीन ते पाच, काचेच्या तळाची बोट.

मी संकोचत म्हणालो, “भाऊजी, इथे काही चूक झालेली दिसते. मंडळी पाचपर्यंत पाण्यात असतील तर लग्न...”

“चूक नाही ते. खुर्च्या साठ आहेत. सगळ्या पांढऱ्या, फुलंही पांढरी. त्या फ्रेममध्ये ताईंचं हिरवं लुगडं कुठे बसवू? आणि मास्तर, लग्नं काय कमी पाहिली त्यांनी? समुद्र नाही पाहिला. त्यांना समुद्र दाखवा.” मग जरा हसून पुढे म्हणाले, “तुमची खुर्ची आहे. मामाशिवाय लग्न लागत नाही, इतकं मलाही समजते.”

धाकटी बहीण चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही. तिला हे आधीच माहीत होते, हे मला तेव्हाच कळले.

भाचीच्या जन्मानंतर धाकटी दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली होती. तो सारा काळ ही मुलगी कन्हानला ताईच्या मांडीवर वाढली. नदीच्या वाळूत तिने पहिले पाऊल टाकले ते ताईचे बोट धरून. ती आजही ताईला मोठी आई म्हणते आणि आईला नुसती आई. तिच्या लग्नाच्या घटकेला ताईने पाण्याखालचे मासे पाहावेत, अशी ही योजना होती. मी वाद घातला नाही. मला तो कधीच जमलेला नाही. कागदाची घडी करून मी मनीषनगरला घरी परतलो.

पुस्तिका मी मन लावून लिहिली. खारफुटीच्या जंगलातून होडी कशी जाते, ओहोटीच्या वेळीच पायी जाता येते अशी खडकाची नैसर्गिक कमान कुठे आहे, प्रवाळ हा दगड नसून सजीवांची वसाहत आहे म्हणून त्यावर पाय देऊ नये, हे सर्व मी दोन-दोन ओळींत बसवले. शेवटच्या दिवसापाशी मात्र माझा हात अडला. ‘तुम्हाला लग्नातून वगळले आहे,’ हे ताईला कोणत्या वाक्यात सांगायचे? अखेर मी लिहिले की त्या दिवशी दुपारी ओहोटी असल्यामुळे बोटी बंद राहतील, बोटीची फेरी सकाळी नऊला होईल, आणि तीन वाजता सर्वांनी विवाहस्थळी हजर राहावे. भरतीचे तक्ते मी पाहिले होते. त्या वेळी पाणी काठोकाठ असणार होते. एकतीस वर्षे मी भूगोल शिकवला. भूगोलात जाणूनबुजून खोटे असे हे एकदाच. पण समुद्रापासून इतक्या दूरची आमची माणसे भरतीची वेळ कोणाला विचारणार होती? भाऊजींनी मराठी पुस्तिका उघडूनही पाहिली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला बोट अर्थातच आली नाही. ताई किनाऱ्यावर तासभर उभी राहून परतली. मी ‘हवामान’ असा एक शब्द पुटपुटलो.

तीन वाजता ताई हिरवे लुगडे नेसून, माणसे घेऊन मांडवाकडे निघाली. वाटेत इव्हेंटवाल्यांची एक मुलगी अकरा लाइफ जॅकेटे घेऊन आडवी आली. “कन्हान ग्रुप? जल्दी पहन लीजिए, बोट रेडी है.”

“बोट?” ताईने पिशवीतून पुस्तिका काढली. “आमच्या मास्तरनं लिहिलं ना, या टायमाले ओहोटी रायते म्हनून. बोट बंद.”

मागून नावाडी हसला. “माँजी, पानी तो पूरा भरा है. खुद देख लो.”

ताईने समुद्राकडे पाहिले. मग माझ्याकडे.

तेवढ्यात पांढऱ्या शेरवानीतले भाऊजी आले. त्यांनी तिच्या हातून पुस्तिका घेतली आणि पहिल्यांदाच वाचली. “सर्वांनी विवाहस्थळी हजर राहावे? ओहोटी? मास्तर, वर्गातल्या पोरांनाही असंच शिकवलं का?” मग आवाज मऊ करून ते ताईकडे वळले. “ताई, खरं सांगतो, खुर्च्या साठच आहेत. बोटीतून फार छान दिसते. जॅकेट घाला, सेफ्टीचं असते.”

“काहून गा,” ताई मला म्हणाली, “तुले माहीत होतं?”

मी मान हलवली. त्या होकाराइतकी लाजिरवाणी गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

ताईने मुलीच्या हातून एक जॅकेट घेतले आणि लुगड्यावरून चढवले. “पट्टा लाव, मास्तर.” मी वाकून पट्टा लावला. बाकीच्या दहा जणांनीही एकेक जॅकेट अंगात अडकवले.

भाऊजींचा जीव भांड्यात पडला. “हां, या, इकडून.”

ताई मांडवाकडे चालू लागली.

“ताई! बोट इकडे आहे.”

“जावईबापू,” ताई न थांबता म्हणाली, “आमच्यात आहेर भेटला का अंगावर घालाचा आन् मांडवात जाऊन बसाचं. टोपी भेटली त टोपी, लुगडं भेटलं त लुगडं. तुम्ही हे देल्लं.”

अकरा नारिंगी माणसे पांढऱ्या खुर्च्यांच्या पुढे, वाळूवर मांडी घालून बसली. मुलाकडच्या एका बाईंनी मला हळूच विचारले, यामागे काही परंपरा आहे का? “हो,” मी म्हणालो, “आमच्याकडे फार जुनी आहे.”

मामा म्हणून मी भाचीच्या मागे उभा राहिलो. अंतरपाटाआडून तिने दबक्या आवाजात विचारले, “मामा, मोठी आईनं हे काय घातलं?”

“तुझ्या बाबांनी दिलेला आहेर.”

ती हसली नाही. तिने वडिलांकडे पाहिले, आणि ते फोटोग्राफरला हाताने खुणा करण्यात गुंतले आहेत असे दिसल्यावर पुन्हा त्यांच्याकडे पाहिले नाही. माळा पडल्यावर ठरल्याप्रमाणे तिला समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे होते. ती पांढऱ्या चादरीवरून उतरली आणि ताईच्या शेजारी वाळूत जाऊन बसली. फोटो तिथेच काढावे लागले.

संध्याकाळी जॅकेटे परत मागायला भाऊजी स्वतः आमच्या खोलीवर आले. मी दारात उभा होतो. मी म्हणालो, “आहेर परत मागत नसतात, भाऊजी.” त्यानंतर आजतागायत ते माझ्याशी बोललेले नाहीत. मीही बोललेलो नाही, आणि त्याची मला खंत नाही.

परतीच्या जहाजात ताईने विचारले, “काचेतून काय दिसलं असतं गा?” मी पुस्तकात वाचलेले सांगितले. तिने ते शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “मले आधीच वाटलं होतं, काहीतरी हाये. तू खोटं लिहितो तवा लई लंबं लिहितो. बाकी समदं दोन-दोन वळीत, आन् ओहोटी अर्धं पान.”

दोन महिन्यांनी लग्नाचा अल्बम आला. मी तो घेऊन कन्हानला गेलो. दाराशेजारच्या खुंटीवर जॅकेट लटकत होते. अल्बममधली फुले, समुद्र, पाहुणे, सारे रंगीत होते. ज्या पानांवर आमची माणसे होती तेवढीच काळीपांढरी होती.

ताईने एकेका पानावर बोट फिरवले. “इथंचाच रंग काहून नाही गा?”

“तुझ्या जावईबापूंनी काढायला लावला,” मी म्हणालो.