वस्त्राच्या काठाला हात

"गर्भाशयात गाठी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांना फायब्रॉइड म्हणतात. कॅन्सर नव्हे. पण रक्त फार गेलंय. गर्भाची पिशवी काढावी लागेल."

मी जगेन का, हे सासूबाईंनी विचारलं नाही. "म्हंजे आता हिला पोर व्हायचं न्हाई, व्हय?" एवढं बोलून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. तीन वर्षं माझी पाळी थांबतच नव्हती. शुक्रवार पेठेतल्या घरात तीन वर्षं मी मागच्या खोलीत पोत्यावर झोपले. स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. शेजारणी हळदीकुंकवाला मला वगळायच्या. नवरा दारातूनच बोलायचा. मी नळावर चारचौघांसमोर पडले, म्हणून मला दवाखान्यात आणलं. नाहीतर आणलं नसतं.

हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल अंश, अगदी तळाला गेलं होतं. रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशन नाही. नवऱ्याला म्हणे सुई पाहून चक्कर येते. माहेराहून, वैरागहून, माझा भाऊ आणि दोन चुलतभाऊ एसटीनं आले, रक्त देऊन गेले.

शेजारच्या खाटेवर मार्थाबाई होत्या, निवृत्त शिक्षिका. दुपारी त्या बायबल वाचायच्या. सासूबाईंनी बजावलं होतं, तिच्या हातचं पाणी घेऊ नकोस. ज्या बाईला घरात कुणी शिवत नव्हतं, तिलाच दुसऱ्याचा विटाळ शिकवत होत्या. आणि मीही मार्थाबाईंकडे पाठ करून झोपायचे.

एके दिवशी मी त्यांना टोचायचं म्हणून विचारलं, "तुमच्या देवाला तरी विटाळशी बाई चालते का?"

त्यांनी पानं उलटली आणि मला एक गोष्ट वाचून दाखवली. एका बाईचं रक्त बारा वर्षं जात होतं. वैद्य झाले, होतं ते सगळं संपलं. तिनं कुणाला शिवायचं नाही, असा तिथलाही नियम. तरी ती गर्दीत शिरली आणि मागून येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावला. रक्त थांबलं. मग त्यानं विचारलं, मला कोण शिवलं? बाई थरथरत पुढं आली.

"आता तिला हाकलणार," मी म्हटलं.

"नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर तिला मुलगी म्हणाला."

मी उशीत तोंड घालून रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

ऑपरेशन नीट झालं. मार्थाबाईंनी पाणी पाजलं, मी प्याले. घरी न्यायला नवरा आला आणि खाली बघत म्हणाला, आई म्हणते, थोडे दिवस मागच्याच खोलीत राहा.

"मी माजघरात झोपणार," मी म्हटलं. "चालत नसेल तर वैरागची एसटी दाखवा."

त्यानं माझी कपड्यांची पिशवी उचलली आणि घरची वाट धरली.

मी ख्रिस्ती झाले नाही. सासूबाईंना माफही केलं नाही. पण बायांनो, रक्त जात असेल तर लपवू नका, कोपऱ्यात बसू नका, डॉक्टर गाठा. ती बारा वर्षांवाली कोण, कुठली, मार्थाबाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, तिचं नाव लिहिलेलं नाही. मला ते बरं वाटलं. तिथं आपल्यापैकी कुणाचंही नाव घालता येतं.